मुलगी सालस आहे

माझ्याविषयी आजवर जेवढं खोटं लिहिलं गेलं, त्यातलं सगळ्यात सुरेख अक्षरातलं खोटं माझ्या मामांनी लिहिलं. मामा श्रीरामपूरला प्राथमिक शाळेत गुरुजी होते. निळ्या शाईनं, रेघा न आखता लिहायचे, तरी ओळ इकडची तिकडे होत नसे. माझ्या लग्नासाठी एका स्थळाला त्यांनी पत्र लिहिलं आणि त्याची नक्कल आमच्याकडे पाठवली. त्यात होतं, "मुलगी सालस आहे, घरकामात तरबेज आहे, वर्ण निमगोरा, उंची बेताची." उंची बेताची हे खरं होतं. निमगोरा ही मामांची माया होती. घरकामाचं आईला विचारलं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता. राहिला सालस. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, जेवताना ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि त्या शब्दापाशी थांबून माझ्याकडे असं बघितलं, की काकूला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. "सालस म्हंजी आपली इंदी? का गुरुजींनी दुसऱ्याच कुनाच्या पोरीचं पत्र पाठिवलं?" असं ते म्हणाले. मी सतरा वर्षांची होते आणि घरात माझं नाव 'फौजदारीण' होतं. शेरडी कुणी सोडली, दुधावरची साय कुणी खाल्ली, या सगळ्याच्या चौकशा मी करत असे आणि गुन्हेगार सापडेपर्यंत कुणाला जेवू देत नसे.

परवा माझ्या नातीनं तिची लग्नाची माहिती मोबाईलवर भरली. शिक्षण, पगार, आवडीनिवडी, फिरायला कुठं आवडतं, सगळं आलं. मी म्हटलं, "अगं, सालस नाही का लिहिलंस?" तर ती म्हणाली, "आजी, तो काय डोकेदुखीचा बाम आहे का?" तेव्हा ठरवलं की हे एकदा लिहून ठेवावं. जिल्ह्याचं नाव बदललं, आमच्या तोंडात अजून नगरच आहे. तसंच शब्दांचं होतं, कागदावर एक आणि तोंडात एक.

आमचं गाव पारनेरपासून फार लांब नाही. गावाच्या कडेला आमचं घर, चार खणांचं, पुढं ओसरी, मागं गोठा. आबा, म्हणजे माझे वडील, थोरले आणि तात्या धाकटे. चूल एक. सकाळी पिठाच्या गिरणीचं टुकटुक सुरू झालं की आई भाकरीला बसायची आणि काकू कालवणाला. भाकरी थापल्याचा आवाज ऐकून मला झोपेतच कळायचं की आज आई रागात आहे का बरी आहे. रागात असली की भाकरी पातळ व्हायची. तात्या म्हणायचे, वहिनींशी रोज कुणीतरी भांडत जावं, भाकरी चांगली होते.

आबांना कसलंच व्यसन नव्हतं, तंबाखूचंसुद्धा नाही. त्यांना एकच नाद होता, खरेपणाचा. बाजाराला जाताना लोक आपली शेळी आबांच्या दावणीला बांधून जात. गावातल्या दोघांचं बांधावरून वाजलं की आबांना साक्षीला नेत. आबा मिशीवरून हात फिरवून म्हणत, "आपल्याला खोटं जमत न्हाई." हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. ज्याला खोटं जमत नाही त्याला ते इतक्यांदा सांगावं का लागतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, नाहीतर मी त्याचीही चौकशी लावली असती. मला ते फार मोठे वाटत. बाजारात मी त्यांच्या मागून चालायची ती मान ताठ करून.

आमची जमीन दोन ठिकाणी होती. लवणातली काळी, म्हणजे सखल भागातली कसदार, तिच्यावर ज्वारी व्हायची. आणि माळावरची मुरमाड, मोठी पण कुसळांशिवाय काही न येणारी. त्या वर्षी चैत्रात आबांनी जामखेडकडून एक पाणाड्या बोलावला. तात्या आणि काकू तेव्हा काकूच्या माहेरी जत्रेला गेले होते. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि तो अनवाणी माळावरून चालत निघाला. मागं आबा, त्यांच्या मागं पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन मी. एका बोरीच्या झुडपापाशी नारळ त्याच्या हातावर सरळ उभा राहिला. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. पाणाड्यानं तिथं टाच रोवली आणि म्हणाला, "हिथं पाट वाहील येवढं पानी हाय." आबांनी त्या जागी दगड ठेवला आणि मला बजावलं, "कुनापाशी बोलायचं न्हाई. हीर खांदायच्या आदी पान्याचं नाव घेतलं की पानी पळतं." ही समजूत आमच्याकडे सगळ्यांचीच. मी तोंड शिवलं. आईला ठाऊक होतं, कारण पाणाड्याला शिरा तिनंच करून घातला होता.

मग वैशाखात घराची वाटणी निघाली, आणि ती निघाली शेंगोळ्यांच्या मिठावरून. हे मी सांगते तेव्हा लोकांना थट्टा वाटते. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी मोठ्या पातेल्यात रटरटत होती, आईला वाटलं काकू मीठ विसरली, काकूला वाटलं आई विसरली, आणि दोघींनी टाकलं. तात्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आज समिंदर जेवायला वाढलाय." एवढ्यावर हसून सुटलं असतं. पण आई म्हणाली, एका चुलीला दोन हात झाले की असंच व्हायचं. काकू म्हणाली, मग दुसरी चूल मांडा की. दोघी ते रागात बोलल्या, पण बोललेलं जेवणाच्या पंगतीत पडलं होतं. आबा हात धुऊन उठले आणि म्हणाले, "बरं."

वाटणीला तिसरा माणूस लागतो, दोघांपैकी कुणाचाच सोयरा नसलेला. पारनेरच्या कचेरीपुढं लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारे चाँदचाचा, त्यांना आबांनी बोलावलं. सत्तरीचे असतील. डोळ्यांपासून कागद वीतभर लांब धरून वाचायचे. पहिल्यांदा आले ते जमिनीचे जुने कागद बघायला. मामाही आले होते, बहिणीच्या घरची वाटणी म्हणून. चहाच्या वेळी तात्यांनी ते स्थळाला लिहिलेलं पत्र बाहेर काढलं. वाटणी होणार म्हणून माझी टिंगल थांबवावी असं त्यांना वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच मला त्या दिवसांत जरा बरं वाटत होतं.

"गुरुजी, एकदाचं सांगा तरी, सालस म्हंजी काय?" तात्या म्हणाले.

मामांनी चष्मा नीट केला. "संस्कृत शब्द आहे. स आणि आलस..." एवढं बोलून मामा एकदम थांबले, कारण पुढचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला.

"आलस म्हंजी आळस? मंग आमीच उगं हसलो. गुरुजींनी खरं तेच लिवलंय."

चाँदचाचा इतके हसले की बशीतला चहा कागदावर सांडला. मग म्हणाले, "गुरुजी, ह्या पोरीचा सालस संस्कृत न्हाई. आरबी हाय. आन् खरं बघाल तर इथं सालस मी हाय." त्यांनी त्या जुन्या कागदांतला एक उचलून मामांपुढं धरला. "हे बघा. दोन भावांचं भांडन, दोन गावांच्या शिवंचं भांडन, की लिवायचे, अमुक मानूस सालस नेमला. सालस म्हंजी तिसरा. मुळात नुसता आकडा हाय तो. ह्याचाबी न्हाई, त्याचाबी न्हाई, मधला."

मामा हट्टाला पेटले. "पण कोशात सच्चा, सरळ असं दिलंय."

"बरूबरच दिलंय की. तिसरा मानूस लबाड निघाला तर त्याला दुसऱ्यांदा कोन बोलावील? म्हनून सालस म्हंजी सच्चा. मंग लोकांनी काय केलं, सच्चा मानूस म्हंजी गरीब, गरीब म्हंजी मुका. आन् मुक्या पोरी लग्नाला बऱ्या, म्हनून तो शबूद तुमच्या पत्रात येऊन बसला."

सगळे हसले. आबासुद्धा हसले. मी कपबशा गोळा करताना विचारलं, "चाचा, मधल्या मानसाला दोन्हीकडचे शिव्या देत असतील न्हवं?" ते म्हणाले, "देतात की. नुसत्या एकाच बाजूनं आल्या तर समजायचं, आपलं काहीतरी चुकलं."

वाटणीच्या दिवशी सकाळीच ओसरी सारवली. आमच्याकडे रीत अशी, की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे घालणारा आपोआप सारखे घालतो, कारण उरलेला त्याला घ्यायचा असतो. तबकात दोन विड्याची पानं, प्रत्येकावर एक सुपारी. एक पान एका वाट्याचं. ओसरीवर आबा, तात्या, मामा, काकूचा भाऊ आणि मधे चाँदचाचा. आई, काकू आणि मी दाराच्या आत.

चाचांनी वाटे वाचले. पहिला वाटा, लवणातली सगळी काळी आणि घराचे उगवतीकडचे दोन खण. दुसरा वाटा, माळाची सगळी मुरमाड, मावळतीचे दोन खण आणि गोठा. वाचून होतं न होतं तोच काकूचा भाऊ म्हणाला, "थोरला असावा तर असा. काळी सगळी भावापुढं ठिवली." मामांनी मान डोलावली. तात्यांनी तर खाली बघितलं, त्यांचे डोळे भरून आले होते. तात्या काळीच उचलणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आबा मिशीवरून हात फिरवत होते.

आणि मला तो बोरीपाशी ठेवलेला दगड दिसला. आमच्या भागात पाण्याशिवायची काळी आणि पाण्याची मुरमाड यांत कुणीही शहाणा मुरमाड घेईल. पाटाचं पाणी असलं की माळावर कांदा होतो, डाळिंब होतं. आबांनी वाटे सारखे घातलेच नव्हते. एका वाट्यात पाणी घालून ते झाकून ठेवलं होतं, आणि वर सगळ्यांकडून शाबासकी घेत बसले होते. माझे आबा. आधी वाटलं, विसरले असतील. मग आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं माझं मनगट धरलं, घट्ट.

चाचांनी विचारलं, "कुनाला काही सांगायचं हाय?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी तेव्हा काय विचार केला हे आज सांगता येईल असं वाटत होतं, पण येत नाही. बोलले तर पाच माणसांत बाप खोटा पडणार होता. ज्याच्या दावणीला गाव शेळ्या बांधतं तो बाप. नाही बोलले तर तात्या त्या काळीत पावसाची वाट बघत म्हातारे होणार आणि शेजारी आबांचा पाट वाहणार, आणि मी दोघांच्याही घरी दिवाळीचा फराळ खाणार. चाचांनी तिसऱ्यांदा विचारलं. तात्यांचा हात तबकाकडे गेला.

मी मनगट सोडवलं आणि उंबऱ्याबाहेर आले. "तात्या, थांबा. माळावर पानी हाय. चैतात पानाड्या आला हुता, तुमी जत्रेला गेल्यावर. बोरीपाशी नारळ हुबा राह्यला, मी बघितला."

गोठ्यात बैल रवंथ करत होता तो ऐकू येत होता. चाचा मला रागावले नाहीत की शाबास म्हणाले नाहीत. त्यांनी आबांकडे वळून विचारलं, "किसनराव, पोरगी म्हंती ते खरं का?"

आबांनी तबकाकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय."

काकूचा भाऊ तडक उठला. त्याच्या तोंडून काय निघालं ते मी लिहीत नाही. चाचांनी त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं. "बसा. मानूस व्हय म्हनलाय. न्हाई म्हनला असता तर आपन समद्यांनी त्याचंच ऐकलं असतं, सतरा वर्साच्या पोरीचं न्हाई." हे मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं चाचा नुसते भांडण मिटवतायत. आज माझं वय त्यांच्याहून जास्त आहे, आणि तो 'व्हय' काढायला आबांना किती जड गेलं असेल याचा अंदाज येतो.

वाटे पुन्हा घातले. दोन्ही पट्ट्या मधोमध उभ्या चिरल्या, अर्धी काळी अर्धा माळ एकेकाला. तात्यांनी न बघता सुपारी उचलली. चाचांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आता दोन्हीकडून खा शिव्या."

आणि खाल्ल्या. आई म्हणाली, "बापाची अब्रू तबकात मांडलीस." पंधरा दिवस भाकरी पातळ होत होती आणि माझ्या वाट्याची कोपऱ्यात ठेवलेली असायची. आबांनी मला काही म्हटलं नाही, पण माझ्याशी बोलणं सोडलं. "तिला म्हनावं, पानी दे," असं आईला सांगत, आणि मी समोरच उभी असे. बाजारात ते आता कडेकडेनं चालत. दावणीला लोकांच्या शेळ्या येणं काही दिवस थांबलं. ते बघून मला रात्ररात्र वाटायचं, की माझी जीभ झडली असती तर बरं. आणि ज्यांच्यासाठी मी बोलले ते तात्या, त्यांनी मला फौजदारीण म्हणणं बंद केलं. "इंदूबाई" म्हणायला लागले. थोरल्या भावाला खाली बघायला लावलं, हे त्यांनाही सोसलं नव्हतं. त्या 'इंदूबाई'नं मला सगळ्यात जास्त रडवलं.

मामांचं स्थळ बघायला आलं, शिरा खाऊन गेलं आणि त्यांचं कार्ड आलं, "मुलगी चांगली आहे, परंतु आमच्या घराला जरा शांत हवी." बातमी पोचली होती. मामांनी पुढच्या पत्रातून सालस काढला आणि तिथं 'बोलकी' लिहिलं. ते वाचून जे आले त्यांच्याशी माझं लग्न झालं. हे अजून म्हणतात, तुझ्या मामांनी आयुष्यात एकच खरं पत्र लिहिलं आणि ते नेमकं मला आलं.

लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात दोघा भावांनी मिळून बोरीपाशी विहीर घेतली. तो दगड नेमका दोघांच्या बांधावर आला होता, त्यामुळे सामाईक करण्यावाचून इलाज नव्हता. सुरुंग उडायचे तेव्हा घरातल्या पितळी डब्यांवरची झाकणं थरथरत. वीस हातांवर मुरूम संपला, तीस हातांवर काळा खडक लागला, चाळीस हातांवरही काळाच खडक. ओलसुद्धा नाही. काम थांबलं त्या दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर दोघं भाऊ दगडांच्या ढिगावर बसले होते आणि काकूचा भाऊ उभ्यानं बोलत होता.

"पानी हुतं. पन ह्या पोरीनं भर ओसरीवर नाव घेतलं. पळालं." गावात हेच चाललं होतं, मला ठाऊक होतं.

तात्या कोरड्या विहिरीत खडा टाकत म्हणाले, "पळालं तर पळालं. दादा, पोर बोलली नस्ती तर आज समदा माळ तुमच्या गळ्यात असता आन् काळी माझ्याकडं. फौजदारनीनं वाचिवलं तुमाला." कितीतरी महिन्यांनी मी तो शब्द ऐकला. काकूचा भाऊ चपला झटकून निघून गेला.

आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आईमार्फत नाही, सरळ. "इंदे, हिकडं ये. हे तात्या म्हंतो तसलं काय मनात ठिवू नको. पानी लागलं न्हाई म्हनून तू बरूबर ठरलीस, असं न्हाई."

मी दोन पावलं पुढं गेले.

"पानी पाटानं वाहिलं असतं, तरीबी तूच बरूबर हुतीस. आन् मी न्हवतो."

हे ते धाकट्या भावासमोर बोलले. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण हातात भाकरीचं टोपलं होतं आणि डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. आबांनीच उठून माझ्या हातातून टोपलं घेतलं.